रिंग एका वाटेने, आवाज दुसऱ्या वाटेने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीत घर, शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. घरचा जुना ०२३१ चा नंबर तांब्याच्या तारेवरून फायबरवर आला. नेट झकास चालतं, पण फोन अधूनमधून मुका होतो. वर्कशॉपमध्ये इंटरनेटवर चालणारे चार फोन बसवले. तिथे कधी गिऱ्हाइकाचा आवाज येतो पण आपला तिकडे पोचत नाही, आणि बरेच कॉल अर्ध्या मिनिटाच्या आसपास आपोआप तुटतात. फोन विकणारा म्हणतो राउटर बदला, नेटवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या. लाइट गेली की दोन्हीकडे सामसूम.

आधी एक ऐका, दोघांचंही ऐकू नका. निदान आठवडाभर खिशात हात घालू नका. पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय; खांबावर चढून तांब्याच्या जोड्या शोधण्यापासून ते आता लॅपटॉपवर पॅकेट बघण्यापर्यंत. इंटरनेट फोनच्या तक्रारींत बिघडलेलं यंत्र मला क्वचितच सापडलंय. बहुतेक वेळा सेटिंग चुकलेलं असतं, आणि कुठलं चुकलंय ते तुमच्या तक्रारीतच लिहिलेलं असतं. फक्त ती नीट वाचायला हवी.

तांब्याच्या फोनला एकच जोडी होती. त्याच जोडीवर रिंग, त्याच जोडीवर आवाज. तार तुटली की सगळं गेलं, जोडली की सगळं आलं. इंटरनेट फोनचं तसं नाही. इथे एका कॉलची दोन कामं दोन वाटांनी जातात. आपल्या मार्केट यार्डातलं उदाहरण घ्या. सौदा ठरवणारा दलाल वेगळा आणि गुळाचे रवे घेऊन जाणारा ट्रक वेगळा. फोनमध्ये दलालाचं काम करतो तो सिप. ‘कॉल आलाय, उचलला, ठेवला’ एवढंच तो बोलतो, बहुधा ५०६० नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवरच्या नंबर दिलेल्या दारातून. आवाजाचा माल वाहतो तो आरटीपी, आणि त्याचे पोर्ट वेगळे, कॉलगणिक बदलणारे. सौदा ठरला म्हणजे माल पोचलाच असं नाही. उलट माल निघालाय, पण सौद्याची पक्की पावती मिळाली नाही, असंही होतं. तुमच्या वर्कशॉपच्या दोन तक्रारी म्हणजे नेमके हेच दोन प्रकार.

तुटणाऱ्या कॉलपासून सुरुवात करतो, कारण ती खूण सगळ्यात बोलकी आहे. मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावा आणि पाच कॉल मोजा. दर वेळी ३० ते ३२ सेकंदांतच कॉल तुटत असेल, तर लाइन खराब नाही, प्लॅनही लहान नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांनी मला बोलावलं होतं. ते म्हणाले, “आवो, गिऱ्हाईक रुसलंय काय आमच्यावर? दर विचारायच्या आत फोन आपटतंय!” बिचारे गिऱ्हाइकांना परत फोन लावून माफी मागत होते, आणि तिकडच्याला वाटत होतं की फोन यांनीच ठेवला. मी घड्याळ लावून बसलो. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. खराब लाइन कधी इतकी शिस्तीत तुटत नाही.

होतं असं. समोरच्याने फोन उचलला की ‘उचलला’ असा निरोप येतो. त्यावर उलट ‘पोचला’ अशी पोच द्यावी लागते. ती पोच मिळेपर्यंत पलीकडची बाजू तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. सिपच्या नियमात मूळ मोजमाप अर्ध्या सेकंदाचं आहे आणि वाट बघायची ती त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात पोच आली नाही की पलीकडचा कॉल सोडून देतो. मधल्या काळात आवाज आपल्या वाटेने निवांत चालू असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पोच हरवते ती बहुतेक वेळा तुमच्याच राउटरमध्ये.

आणि एकतर्फी आवाजाचं मूळही तिथेच असतं. वर्कशॉपमधल्या फोनला राउटरने १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता दिलेला असतो. कॉल लावताना फोन समोरच्याला सांगतो, “माझा आवाज या पत्त्यावर पाठवा”, आणि सांगतो तो घरगुती पत्ता! ‘माडीवरची डावीकडची खोली’ असा पत्ता ट्रकवाल्याला दिला तर तो कुठे जाणार? हा गोंधळ निस्तरण्यासाठी राउटर कंपन्यांनी एक सोय घातली, सिप एएलजी. जाता जाता निरोपातला पत्ता बदलून बाहेरचा पत्ता लिहायचा, हे तिचं काम. कल्पना चांगली, पण स्वस्त राउटरमध्ये ती अर्धवट चालते. एका ठिकाणचा पत्ता बदलते, दुसऱ्या ठिकाणचा तसाच ठेवते. आजकालची फोन सेवा देणारी कंपनी आपल्या टोकाला हा पत्ता स्वतःच ओळखून दुरुस्त करते. मग एकाच निरोपावर दोघं खाडाखोड करतात आणि आवाज भलतीकडे जातो.

म्हणून पहिलं काम: राउटरच्या पानावर (कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाकला की उघडतं ते) जाऊन सिप एएलजी बंद करा. कुठे ते सुरक्षिततेच्या भागात असतं, कुठे फायरवॉलमध्ये, कुठे नॅटच्या, म्हणजे पत्ता बदलण्याच्या सोयीच्या, खाली. बंद केल्यावर राउटर आणि चारही फोन एकदा बंद करून चालू करा. हे विसरू नका, नाहीतर जुन्या नोंदी तशाच राहतात आणि तुम्ही म्हणाल, सांगितलेलं केलं तरी फरक नाही. शिरोलीत मी एवढंच केलं होतं. मालकांनी विचारलं, “पार्ट कुठला बदलला?” काहीच नाही म्हटल्यावर पैसे देताना त्यांचा हात जरा जड झाला, ते सोडा.

एवढ्याने भागलं नाही तर एकापुढे एक दोन राउटर आहेत का बघा. उद्यमनगरात हे फार दिसतं. फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटर असतो, आणि वाय-फाय शेडच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून मालक बाजारातून दुसरा आणून त्यापुढे लावतात. मग पत्ता दोनदा बदलतो. ओळखायची खूण सोपी: दुसऱ्या राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे वॅन पत्ता बघा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरपुढे राउटर आहे. अशा वेळी दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट करून टाका, म्हणजे तो नुसतं वाय-फाय वाटेल, पत्ते वाटणार नाही. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुमच्या नेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. त्यानेही फोन चालतो, घाबरू नका, पण पुढचं सेटिंग मग अगदी गरजेचं.

ते सेटिंग म्हणजे कीप-अलाइव्ह: फोनने ठरावीक वेळाने छोटासा निरोप पाठवून वाट उघडी ठेवायची. तुम्ही विचारलं नाहीत, पण ही तक्रार तुमच्याकडेही असणार, फक्त लक्षात आली नसेल: आपण कॉल केला तर लागतो, बाहेरून येणारा मात्र कधी वाजतो, कधी वाजतच नाही. राउटर बाहेरून आत येणारी वाट कायम उघडी ठेवत नाही. काही हालचाल नसेल तर कित्येक राउटर अर्ध्या-एक मिनिटात ती बंद करतात. आणि तुमचा फोन सेवा देणाऱ्या कंपनीकडे ‘मी इथे आहे’ अशी हजेरी लावतो ती बऱ्याचदा तासातून एकदा, ३६०० सेकंदांनी. मधल्या वेळात आलेला कॉल दारावरून परत जातो. एका दवाखान्यात दुपारी फोन वाजत नव्हता. सकाळी गर्दीत सतत कॉल चालू, वाट उघडी राहायची. दुपारी शांतता झाली की बंद. पेशंटना वाटायचं, डॉक्टर झोपलेत. फोनच्या सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह २० ते ३० सेकंदांवर ठेवा, काम झालं.

आता मोठ्या प्लॅनबद्दल. जी.७११ नावाच्या साध्या, चांगल्या पद्धतीने एक कॉल एका दिशेला सगळा बारदाना धरून ९० केबीपीएसच्या आतच घेतो. तुमचे चारही फोन एकदम बोलू लागले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आत मामला. नेटवाला शंभराचे दोनशे करून काय देणार? फोनला रुंद रस्ता लागत नाही, मोकळा रस्ता लागतो. आवाज तुटक येतो, माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो, तेव्हा बघायचं ते अपलोड. तुमच्या वर्कशॉपमध्ये सीसीटीव्हीचं चित्रण इंटरनेटवर साठवलं जात असेल, किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप दुपारी चढत असेल, तर अपलोडची वाट त्याने भरते आणि आवाज मागे रांगेत थांबतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावा (म्हणजे हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते बघा), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या बाहेरच्या पत्त्याला. मग एखादी मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि फोनवर बोला. पहिल्या खिडकीतलेच आकडे नाचत असतील तर दोष तुमच्या भिंतीच्या आत आहे: वाय-फाय किंवा केबल. पहिले स्थिर आणि दुसरे अपलोड सुरू होताच वीसवरून तीनशेवर उडत असतील तर रांग लागतेय. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवण्याची सोय, असेल तर एकूण अपलोडला खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लगाम घाला आणि फोनला पहिला मान द्या. अपलोड बंद असतानाही दुसरे आकडे उडत असतील किंवा उत्तरं गहाळ होत असतील, तेव्हा मात्र नेटवाल्याला धरा, आणि पडद्याचा फोटो काढून धरा. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत, चढउतार तिसाच्या आत, गळती शंभरात एकापेक्षा कमी, एवढं असलं की बोलणं सुरळीत होतं. उशीर वाढला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि मग “तुम्ही बोला”, “नाही, तुम्ही बोला” सुरू.

टेबलावरचे फोन वायरवर घ्या, वाय-फायवर नको. लेथ आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये लोखंडी रॅक, पत्रा, शेजाऱ्यांची दहा वाय-फाय. तिथे फोनची बिचाऱ्याची काय कथा.

घरच्या फोनची गोष्ट निराळी आहे. तिथे सिप वगैरे सगळं फायबरच्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, कंपनीनेच भरलेलं असतं. तुम्हाला दिसतं ते फक्त टेलिफोनचं जुनं भोक. ‘नेट चालतं मग फोन का नाही?’ हा प्रश्न मला रोज येतो. उत्तर असं की एकाच काचेच्या तारेत नेट आणि फोन बहुधा दोन वेगळ्या गल्ल्यांतून जातात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. नेटची गल्ली उघडी आणि फोनची बंद, हे सहज होतं. विशेषतः डबा रीसेट केल्यावर. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. त्यात फोनची सगळी माहिती पुसली जाते आणि ती कंपनीशिवाय कुणी भरू शकत नाही. बंद करून चालू करायचं तर बटणाने करा.

फोन मुका झाला की डब्यावरचे दिवे बघा. एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. तेव्हा नेटही गेलेलं असणार. नेट आहे पण फोनचा दिवा विझलाय, तर डब्याची कंपनीकडे हजेरीच लागलेली नाही. तक्रार करताना “फोन डेड आहे” म्हणू नका, “व्हॉइस रजिस्टर होत नाही” म्हणा, तक्रार योग्य टेबलावर जाते. दिवा लागलाय पण डायल टोन नाही, तर दोष डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतच्या तारेत. एखादा साधा फोन थेट डब्याला जोडून बघा. तिथे टोन आला तर डबा निर्दोष.

राजारामपुरीतल्या जुन्या घरांत मला एक चूक फार सापडते. फायबर आलं की बसवणारा माणूस डब्यातून निघालेली फोनची वायर घरातल्या जुन्या रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या जोड-डबीला, जोडून देतो, म्हणजे हॉलचा आणि माडीवरचा फोन पुन्हा चालू. बरोबरच आहे. पण त्या रोझेटला खांबावरून आलेली जुनी तांब्याची जोडीही तशीच जोडलेली राहते. उन्हाळाभर काही कळत नाही. जून लागला, ती बाहेरची तार भिजली, की डब्याला वाटतं कुणीतरी फोन उचलून ठेवलाय. मग टोन नाही, येणाऱ्याला एंगेज, वर गुणगुण. तुमचा फोन ‘अधूनमधून’ मुका होतो तो पाऊस झाल्यावर होतो का, हे आठवून बघा. तसं असेल तर पेचकस घ्या आणि जुनी जोडी रोझेटवरून सोडवा.

बाकी घरगुती गोष्टी पटापट सांगतो. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. घरातल्या आजी-आजोबांच्या ‘फोन लागतच नाही’ यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. नंबर फिरवल्यावर चार-पाच सेकंद शांतता असते, कारण डबा आणखी आकडे येतील म्हणून थांबतो. शेवटी हॅश दाबला की बऱ्याच डब्यांवर लगेच लागतो. बँकेच्या यंत्राने ‘एक दाबा’ म्हटलं आणि दाबूनही कळत नसेल तर कीच्या आवाजाचं, डीटीएमएफचं सेटिंग चुकलंय. ते आवाजात मिसळून न पाठवता वेगळं, आरएफसी २८३३ पद्धतीने पाठवायचं. आणि नंबर जपायचा असेल तर ध्यानात ठेवा, मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी लँडलाइनला नाही. कंपनी बदलली की ०२३१ च्या पुढचे तुमचे आकडे गेले. पाटीवर, बिलबुकावर तीस वर्षं छापलेला नंबर असेल तर हा विचार आधी करा.

जुना इंटरकॉम, म्हणजे ईपीएबीएक्स, फायबरच्या डब्याला जोडणाऱ्यांसाठी एक खास दुखणं आहे. बाहेरच्याने फोन ठेवला तरी इंटरकॉमला ते कळत नाही आणि लाइन अडकून राहते. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. डब्याच्या किंवा ॲडॅप्टरच्या (साधा फोन नेटला जोडणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये देश चुकून अमेरिका ठेवलेला असेल तर टोन वेगळा निघतो, इंटरकॉम तो ओळखत नाही. देश भारत करा.

लाइट गेल्यावरची सामसूम ही मात्र बिघाड नाही, ती या फोनची जातच आहे. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, ४८ व्होल्टची, त्याच तारेतून यायची. घरात मिट्ट काळोख असला तरी फोन जिवंत. काचेच्या तारेतून वीज येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पंचगंगेचे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना दिवसेंदिवस लाइट नसणं म्हणजे काय ते सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका; मी ३९ ऐकलं की घरची बॅटरी चार्जिंगला लावतो. डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे तीसेक वॅट-तास, वाया जाणारं वजा जाता पंचवीस. डबा आठ वॅट खात असेल तर तीन तास. दुसरा राउटरही त्यावरच लावलात तर दीड. आणि कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते, हे विसरून लोक यूपीएसला शिव्या देतात; लाइट नसतानासाठी एक तारेचा साधा फोन ठेवा. वर्कशॉपमध्ये फोन, स्विच (नेटची तार सगळ्या फोनांत वाटणारा डबा) आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत. फोनला वीज नेटच्या केबलमधूनच देणारा पीओई स्विच घेतला तर एकाच ठिकाणी यूपीएस पुरतो. पुरात नेटवाल्याचंच केंद्र बंद पडलं तर मात्र तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही, तेव्हा मोबाइल चार्ज ठेवाच.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. वर्कशॉपच्या फोनचा पासवर्ड अजून कंपनीने दिलेला १२३४ आहे का? ५०६० पोर्ट बाहेरून उघडा आणि पासवर्ड सोपा असला की जगभर फिरणारे प्रोग्रॅम तो शोधून काढतात आणि शनिवारच्या रात्री तुमच्या लाइनवरून परदेशी महागड्या नंबरांना कॉल चालवतात. सोमवारी शटर उघडलं की बिल. पासवर्ड बदला, आयएसडी लागत नसेल तर कंपनीला सांगून बंद करा. सेवा परवानाधारक कंपनीचीच घ्या. ‘सिमकार्डांचा डबा तुमच्या खोलीत ठेवतो, महिना भाडं देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लावा, परदेशी कॉल लोकल म्हणून चोरून उतरवण्याचा तो धंदा आहे आणि गुन्हा जागेच्या मालकावरही येतो.

तर आता तुमच्यापुरतं. आज संध्याकाळी वर्कशॉपचं सिप एएलजी बंद करा, सगळं एकदा बंद-चालू करा आणि उद्या पाच कॉल घड्याळ लावून करा. घरी रोझेट उघडून जुनी जोडी आहे का बघा. तरीही कुरकुर राहिली तर मला एवढंच कळवा: कॉल कितव्या सेकंदाला तुटला, आवाज कुठल्या बाजूचा गेला, दुसऱ्या राउटरचा वॅन पत्ता कुठल्या आकड्याने सुरू होतो, आणि घरचा फोन मुका असताना डब्यावर कुठला दिवा विझलेला होता.